अश्वारोहण चिकित्सा

घोड्याच्या चालीतील लयबद्ध हालचालींचा आणि अश्वारोहणाच्या शिक्षणाचा उपयोग करून शारीरिक अथवा मानसिक दृष्ट्या विकलांग असलेल्या व्यक्तींच्या व्यंगाची तीव्रता कमी करण्याच्या व त्यांचे पुनर्वसन साधण्याच्या पद्धतीस ‘अश्वारोहण चिकित्सा’ असे म्हणतात. या व्यापक संज्ञेत सामान्यपणे तीन भिन्न गोष्टी अंतर्भूत होतात : (१) प्रशिक्षित भौतिकी चिकित्सकाने वैद्यकीय सल्ल्यानुसार घोड्याच्या चालीचा उपचारसाधन म्हणून केलेला वापर, यास ‘हिप्पोथेरपी’ (ग्रीक ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा) ही संज्ञा रूढ आहे. यात रुग्ण घोडा चालवीत नाही. घोड्याची हालचाल तो केवळ ग्रहण करतो व तिला शरीराने प्रतिसाद देतो. (२) वर्तन, अध्ययन व सामाजिक समायोजन यांतील अडचणी असलेल्या मुलांसाठी घोड्याच्या सहवासाचा व घोड्यावरील कसरतींचा शैक्षणिक उपयोग. (३) अपंग व्यक्तींनी छंद वा क्रीडाप्रकार म्हणून केलेले अश्वारोहण. यांतील पहिल्या प्रकारात अपंग व्यक्ती ही रुग्ण असते, तर तिसऱ्यात ती स्वार असते. या दोन भूमिकांमधील ताण या पद्धतीच्या संपूर्ण इतिहासात आढळून येतो. तिच्या विकासाच्या अनेक वळणांचे मूळ त्याच ताणात आहे.

प्राचीन उल्लेख : अश्वारोहण चिकित्सेचे जनकत्व पुष्कळदा ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ (इ. स. पू. सु. ४६०–३७०) याच्याकडे देण्यात येते. तथापि त्याच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहातील ‘हवा, पाणी व स्थळे’ या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथात अश्वारोहणाचा जो विस्तृत उल्लेख येतो, तो नेमका उलट स्वरूपाचा आहे. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील सिथियन लोक सतत घोड्यावर बसत व त्यांचे पाय खाली लोंबकळत राहत. त्यामुळे त्यांना सांध्यांचे विकार जडतात, कटिसंधी दुखावतात व काहींना लंगडेपणा येतो, असे निरीक्षण त्यात नोंदविले आहे. भारतीय वैद्यकातही असाच सूर आढळतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्त या विकाराच्या कारणांमध्ये घोडा व उंट यांवरून केलेल्या प्रवासाची गणना केलेली आहे. शालिहोत्र, नकुल, जयदत्त इत्यादींच्या नावांशी निगडित असलेली अश्वशास्त्राची समृद्ध संस्कृत परंपरा घोड्याची लक्षणे, शिक्षण व रोग यांचा विचार करते. तिचा रोख माणसाने घोड्यावर करावयाच्या उपचारांकडे आहे. घोड्याच्या साहाय्याने माणसावर करावयाच्या उपचारांकडे नाही. अश्वविद्येवरील उपलब्ध ग्रीक ग्रंथांपैकी महत्त्वाचा असा झेनोफनचा ग्रंथ (इ. स. पू. चौथे शतक) हाही घोड्याची निवड, संगोपन व स्वाराची मांड यांपुरताच मर्यादित आहे. ज्या समाजात घोडा हे युद्धाचे व रोजच्या दळणवळणाचे साधन होते, त्या समाजातील वैद्यांना अश्वारोहणाचे अपाय प्रथम दिसावेत, हे स्वाभाविक होय.

व्यायाम म्हणून अश्वारोहण : अश्वारोहणाचा आरोग्यास उपकारक व्यायाम म्हणून पद्धतशीर विचार यूरोपात प्रबोधनकाळात सुरू झाला. इटालियन वैद्य जेरोलामो मर्क्यूरिआले (१५३०–१६०६) याने १५६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यायामकलेवरील लॅटिन ग्रंथात प्राचीन ग्रीक व रोमन वैद्यांची मते एकत्र करून अश्वारोहणाच्या गुणदोषांची चर्चा केली. सतराव्या शतकात इंग्रज वैद्य टॉमस सिडनम (१६२४–८९) याने या विचाराला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. हिवतापावर सिंकोनाची साल जितकी गुणकारी, तितकीच क्षयावर घोड्याची नियमित रपेट गुणकारी आहे, अशी त्याची धारणा होती. तो स्वतः गाऊट या संधिविकाराने दीर्घकाळ पीडित होता व १६८३ मध्ये त्या विकारावर लिहिलेल्या ग्रंथातही त्याने रोजच्या व्यायामात अश्वारोहणाला अग्रस्थान दिले. त्याच्या विचारांचा पाठपुरावा करून फ्रान्सिस फुलर याने १७०५ मध्ये व्यायामाच्या औषधी सामर्थ्यावर एक पुस्तक लिहिले व त्यात आपल्या स्वतःच्या दीर्घ आजारातून घोड्याच्या रपेटीने आपण कसे बरे झालो, हे सांगितले. क्षयाचा जंतू १८८२ मध्ये रोबर्ट कॉखने शोधून काढला व सिडनमची उपपत्ती मागे पडली. तरी अठराव्या शतकभर यूरोपातील सुखवस्तू रुग्णांना वैद्य अश्वारोहणाचा सल्ला देत राहिले. हा सल्ला चालत्याफिरत्या माणसांसाठी होता. ज्याला घोड्यावर स्वतः चढता येत नाही, अशा माणसाचा विचार त्यात नव्हता.

यांत्रिक घोडे : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घोड्याची हालचाल घोड्यापासून वेगळी काढण्याचा प्रयत्न झाला. स्वीडिश वैद्य गुस्ताव्ह झांडर (१८३५–१९२०) याने १८६५ मध्ये स्टॉकहोम येथे यांत्रिक व्यायामाची संस्था स्थापन केली. त्याने तयार केलेल्या अनेक यंत्रांत खोगीर घातलेले व घोड्याप्रमाणे हालणारे एक यंत्रही होते. अशी यंत्रे पुढे यूरोप व अमेरिका येथील आरोग्यधामांत पसरली. १९१२ मध्ये बुडालेल्या ‘टायटॅनिक’ जहाजाच्या व्यायामशाळेतही विजेवर चालणारा घोडा व उंट होते. यंत्राच्या हालचालीची दिशा व प्रमाण ठरावीक असे. जिवंत घोड्याच्या चालीतील सूक्ष्म वैविध्य त्यात नव्हते. परंतु घोड्याच्या पाठीवरून मिळणारी हालचाल हीच उपचाराचे द्रव्य आहे, ही कल्पना या यंत्रांनी प्रथम स्पष्टपणे मांडली. एकविसाव्या शतकात संगणकनियंत्रित यांत्रिक घोड्यांच्या रूपाने ती पुन्हा पुढे आली आहे.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध : पंगुत्वाकडे पाहण्याची वैद्यकाची दृष्टी या काळात बदलत गेली. इंग्लंडमध्ये ॲग्नेस हंट (१८६६–१९४८) या परिचारिकेने १९०० मध्ये श्रॉपशर परगण्यातील बासचर्च येथे अपंग मुलांसाठी मोकळ्या हवेतील उपचारगृह सुरू केले. ती स्वतः बालपणापासून कटिसंधीच्या विकाराने अपंग होती. अपंगत्व म्हणजे अंथरूण नव्हे, हे तिच्या कार्याचे सूत्र होते. तिच्या संस्थेत १९०१ साली ऑस्वेस्ट्री येथे अश्वारोहणाचा उपचार सुरू झाल्याचे या विषयावरील लेखनात सांगितले जाते. परंतु संस्थेचे ऑस्वेस्ट्रीला स्थलांतर १९२१ मध्ये झाले असल्याने हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. पहिल्या महायुद्धाने (१९१४–१८) अवयव गमावलेल्या सैनिकांचा प्रश्न सर्व यूरोपीय देशांसमोर उभा केला व त्यातून भौतिकी चिकित्सा हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून स्थिर झाला. अश्वारोहण चिकित्सेला पुढे जे शास्त्रीय अधिष्ठान लाभले, ते याच व्यवसायाकडून.

लिस हार्टेल : आधुनिक अश्वारोहण चिकित्सेचा प्रारंभ सामान्यतः लिस हार्टेल (१९२१–२००९) या डॅनिश अश्वारोहिणीच्या जीवनाशी जोडला जातो. घोड्याच्या शिस्तबद्ध व तालबद्ध चालींचा जो ‘ड्रेसाज’ नावाचा क्रीडाप्रकार आहे, त्यात तिने तरुणपणीच डेन्मार्कचे विजेतेपद मिळविले होते. १९४४ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिला बालपक्षाघात (पोलिओ) झाला. त्या वेळी ती गरोदर होती. शरीराचा मोठा भाग लुळा पडला. मूल मात्र सुखरूप जन्माला आले. कुबड्यांच्या आधाराने चालता आले तरी पुष्कळ, असे वैद्यांचे मत होते. हात उचलणे, रांगणे, उभे राहणे अशा क्रमाने कुटुंबीयांच्या मदतीने तिने एकेक हालचाल पुन्हा मिळविली. परंतु गुडघ्यांखालील पाय कायमचे निकामी राहिले आणि मांड्या व हात यांतही पूर्वीची शक्ती आली नाही. अशा स्थितीत तिने स्वतःला घोड्यावर बसविण्यास सांगितले. स्वार घोड्याला आज्ञा देतो ती मुख्यतः पोटऱ्या व टाचा यांच्या दाबाने. हे साधन नाहीसे झाल्यामुळे पाठीचा कणा, कंबर आणि शरीराचा भार यांच्या सूक्ष्म हालचालींनी घोड्याशी संवाद साधण्याची पद्धत तिला घडवावी लागली. आजारानंतर तीनच वर्षांनी, १९४७ मध्ये, तिने स्कँडिनेव्हियन स्पर्धेत महिलांच्या गटात दुसरा क्रमांक मिळविला.

ऑलिंपिक सामन्यांचे दार मात्र तिला बंद होते, व त्याचे कारण तिचे अपंगत्व हे नव्हते. ऑलिंपिकमधील ड्रेसाज स्पर्धा तोवर फक्त पुरुषांसाठी होती व त्यांतही लष्करी स्पर्धक सनदी अधिकारीच असावा लागे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविलेल्या स्वीडिश संघातील गेनेल पेर्सोन हा प्रत्यक्षात कनिष्ठ दर्जाचा सैनिक असल्याचे उघडकीस आल्यावर १९४९ मध्ये त्या संघाचे पदक काढून घेण्यात आले. या प्रकरणाने नियमांतील विसंगती चव्हाट्यावर आली व १९५२ च्या हेल्‌सिंकी ऑलिंपिकपासून ही स्पर्धा सर्व सैनिकांना, नागरिकांना व स्त्रियांनाही खुली झाली. त्या वर्षी भाग घेतलेल्या चार स्त्रियांपैकी हार्टेल ही एक होती. तिला घोड्यावर चढविण्यास व उतरविण्यास दुसऱ्यांची मदत लागे. ‘जुबिली’ या घोडीवर बसून तिने ५४१·५ गुण मिळविले व रौप्यपदक जिंकले. सुवर्णपदकाचा मानकरी स्वीडनचा हेन्री सेंट सिर (५६१ गुण) याने तिला आधार देऊन विजयपीठावर नेले. हे दृश्य ऑलिंपिकच्या इतिहासात संस्मरणीय ठरले. १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियातील पशुप्रवेशाच्या कडक नियमांमुळे अश्वारोहणाच्या स्पर्धा मेलबर्नऐवजी स्टॉकहोम येथे झाल्या. तेथेही सेंट सिर व हार्टेल यांनीच अनुक्रमे सुवर्ण व रौप्य पदके मिळविली.

हार्टेलच्या यशाचा अर्थ नीट लक्षात घेणे आवश्यक आहे. घोड्याने तिचा पक्षाघात बरा केला नाही. ती आधीच निष्णात स्वार होती व तिचे पाय अखेरपर्यंत लुळेच राहिले. तिने सिद्ध केले ते एवढेच, की पायांची शक्ती गेलेला माणूसही तोल, लय व शरीरभान यांच्या बळावर घोड्यावर स्थिर राहू शकतो आणि इतरांच्या बरोबरीने स्पर्धा करू शकतो. परंतु काळच असा होता, की एवढेही पुरेसे ठरले. हेल्‌सिंकीचे सामने झाले त्याच उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ उसळली. तेथील ब्लेगडाम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना जगविण्यासाठी सु. १,५०० विद्यार्थी पाळीपाळीने हातांनी हवेच्या पिशव्या दाबीत बसले होते. अशा वातावरणात एका पोलिओग्रस्त स्त्रीचे घोड्यावरील छायाचित्र हजारो कुटुंबांना आशादायक वाटले. हार्टेलने पुढे पोलिओग्रस्तांसाठी निधी जमविला व अपंगांच्या अश्वारोहणाचा प्रसार केला. तिच्या प्रेरणेने डेन्मार्क व नॉर्वे येथील भौतिकी चिकित्सकांनी १९५० नंतरच्या दशकात अपंग मुलांना तट्टांवर बसवून उपचार करण्यास सुरुवात केली. यांत नॉर्वेच्या एल्सबेट बोटकर यांचा उल्लेख केला जातो.

ब्रिटन व उत्तर अमेरिका : ब्रिटनमध्ये या कार्याला लोकचळवळीचे स्वरूप आले. एसेक्स परगण्यातील चिगवेल येथे नोरा जॅक्स यांनी १९५० नंतरच्या दशकात अपंग मुलांसाठी तट्टांवरील रपेटीचा उपक्रम सुरू केला. ठिकठिकाणच्या अशा स्वयंसेवी गटांची सल्लागार परिषद १९६५ मध्ये स्थापन झाली आणि १९६९ मध्ये तिचे ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ या राष्ट्रीय संघटनेत रूपांतर झाले. राजकन्या ॲन (स्वतः ऑलिंपिक अश्वारोहिणी) या १९७१ मध्ये संघटनेच्या आश्रयदात्या व १९८५ मध्ये अध्यक्षा झाल्या. खेड्यापाड्यांतील घोडेमालक, शाळकरी मुले व गृहिणी हे या संघटनेचे बळ होते. तिचा भर आनंद, आत्मविश्वास व मोकळी हवा यांवर राहिला. उपचाराचा काटेकोर हिशेब तिने फारसा मांडला नाही.

कॅनडात टोराँटो येथे १९६५ मध्ये अपंगांच्या अश्वारोहणाचे केंद्र सुरू झाले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६९ मध्ये ‘नॉर्थ अमेरिकन रायडिंग फॉर द हँडिकॅप्ड असोसिएशन’ ही संघटना स्थापन होऊन तिने प्रशिक्षकांची पात्रता व केंद्रांची सुरक्षितता यांची मानके ठरविली. ‘हँडिकॅप्ड’ हा शब्द कालांतराने अवमानकारक मानला जाऊ लागल्याने २०११ मध्ये तिचे नाव बदलून ‘पाथ इंटरनॅशनल’ असे करण्यात आले.

जर्मनभाषक देश : जर्मनी, स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया या देशांनी वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे वैद्य व भौतिकी चिकित्सक हे आरंभापासून अग्रभागी होते. जर्मनीत १९७० मध्ये उपचारात्मक अश्वारोहणाचे राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले आणि वैद्यक, शिक्षण व क्रीडा अशी या विषयाची त्रिविध विभागणी रूढ झाली. स्वित्झर्लंडमध्ये बाझेल येथील भौतिकी चिकित्सक उर्सुला क्यून्झ्ले यांनी घोड्याच्या चालीने होणाऱ्या श्रोणीच्या (कंबरेच्या हाडांच्या चौकटीच्या) हालचालींचे बारकाईने विश्लेषण करून उपचाराची एक शिस्तबद्ध पद्धत बसविली. १९८७ मध्ये अमेरिका व कॅनडा येथील अठरा चिकित्सक या पद्धतीच्या अभ्यासासाठी जर्मनीस गेले व त्यातून १९९२ मध्ये अमेरिकेत हिप्पोथेरपीची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. विविध देशांतील कार्यकर्त्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९७४ मध्ये पॅरिस येथे भरली. नंतरच्या परिषदा बाझेल (१९७६), वॉरिक (१९७९) व हँबर्ग (१९८२) येथे झाल्या. १९८० मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय महासंघ पुढे ‘हेटी’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाऊ लागला.

उपचारामागील तत्त्व : घोडा सावकाश चालत असता त्याची चारही पावले वेगवेगळी पडतात. प्रत्येक पावलागणिक त्याची पाठ वरखाली, पुढेमागे व दोन्ही बाजूंना हलते, शिवाय ती किंचित वळते. ही हालचाल स्वाराच्या श्रोणीत संक्रमित होते. सुदृढ माणूस स्वतःच्या पायांनी चालत असता त्याच्या श्रोणीची जी हालचाल होते, तिच्याशी या हालचालीचे विलक्षण साम्य असते. दर मिनिटास सु. ९० ते ११० आंदोलने अशा प्रकारे स्वाराच्या शरीरास मिळतात. ज्या मुलाने जन्मात एकही पाऊल टाकलेले नाही, त्याच्या कंबरेला व कण्याला चालण्याचा अनुभव घोड्याच्या पाठीवर प्रथम मिळतो. प्रत्येक आंदोलनाबरोबर तोल किंचित ढळतो व तो सावरण्यासाठी धडाचे स्नायू आपोआप कामास लागतात. घोड्याची चाल लांब-आखूड करणे, थांबवून पुन्हा सुरू करणे, वर्तुळात फिरविणे या उपायांनी चिकित्सक या आंदोलनांचे प्रमाण बदलतो.

मस्तिष्कजन्य पक्षाघातात (सेरेब्रल पाल्सी) मांड्यांचे आतील स्नायू ताठर होऊन पाय एकमेकांवर कातरीसारखे येतात. घोड्यावर मांड घातल्याने हे स्नायू हळूहळू ताणले जातात. घोड्याच्या शरीराचे तापमान सु. ३८° से., म्हणजे माणसापेक्षा थोडे अधिक असते. ही ऊब व चालीची लय यांमुळे ताठरपणा सैल होण्यास मदत होते. यासाठी अनेकदा खोगिराऐवजी जाड चारजामा वापरतात. मानसिक परिणामही दुर्लक्षणीय नाहीत. चाकांच्या खुर्चीत बसून नेहमी वर पाहण्याची सवय झालेले मूल घोड्यावर बसताच इतरांकडे वरून पाहते, आणि ज्याच्यासाठी सर्व कामे दुसरे करतात त्याच्या सांगण्यावरून एक मोठा प्राणी चालतो व थांबतो. या अनुभवाचे मोजमाप करणे कठीण असले, तरी केंद्रांकडे कुटुंबे पुनःपुन्हा वळतात त्यामागे त्याचाही मोठा वाटा असतो.

पद्धती व दक्षता : उपचाराचा एक पाठ सामान्यतः २० ते ३० मिनिटांचा असतो. घोड्याचा लगाम धरणारा एक मोतद्दार व स्वाराच्या दोन्ही बाजूंनी चालणारे दोन साहाय्यक असे तिघे नवशिक्या रुग्णाबरोबर असतात; चिकित्सक त्यांच्यावर देखरेख करतो. चढण्याउतरण्यासाठी उताराचा चौथरा बांधलेला असतो. शिरस्त्राण सक्तीचे असते व रिकिबी पाय अडकणार नाही अशा रचनेच्या असतात. सर्वच अपंगांना हा उपचार मानवत नाही. डाउन लक्षणसमूहातील काही व्यक्तींमध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील सांधा अस्थिर असतो. त्यांच्या बाबतीत अश्वारोहण जिवावर बेतू शकते. तसेच आटोक्यात नसलेला अपस्मार, निखळलेला कटिसंधी, कण्याची तीव्र वक्रता, हाडांचा अतिरिक्त ठिसूळपणा व शय्याव्रण असलेल्या रुग्णांना घोड्यावर बसवीत नाहीत. वैद्यकीय तपासणीशिवाय प्रवेश नाही, हा नियम त्यामुळे सर्वत्र पाळण्यात येतो.

घोड्याची निवड हा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. तो शांत, प्रौढ, निरोगी व दोन्ही बाजूंनी सारख्या पावलांनी चालणारा असावा लागतो. लंगडणाऱ्या घोड्याची विषम चाल रुग्णाच्या कण्यास अपायकारक ठरते. अचानक किंचाळणे, झटके, एका बाजूस कलणारा भार, कुबड्या व चाकांच्या खुर्च्या या सर्वांची त्याला सवय करावी लागते. असंतुलित स्वार वाहून नेणे घोड्यासही त्रासदायक असल्याने त्याच्या कामाचे तास व स्वाराचे वजन यांवर मर्यादा घालतात.

परिणामांची चिकित्सा : प्रारंभीची अनेक दशके या उपचाराचे समर्थन मुख्यत्वे पालक व प्रशिक्षक यांच्या अनुभवांवर अवलंबून होते. शास्त्रीय कसोटीला ते उतरते किंवा कसे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस तीव्रतेने पुढे आला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात मस्तिष्कजन्य पक्षाघाताच्या १५ मुलांपैकी काहींना आठ मिनिटे घोड्यावर व काहींना तेवढाच वेळ स्थिर पिंपावर बसविण्यात आले. घोड्यावर बसलेल्या मुलांच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या कार्यातील असमानता कमी झाल्याचे विद्युत्‌मापनाने आढळले. उलट २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याच विकाराच्या ९९ मुलांवर केलेल्या दहा आठवड्यांच्या अधिक मोठ्या चाचणीत मुलांची स्थूल हालचालींची क्षमता वा जीवनमान यांत लक्षणीय फरक दिसला नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत स्वमग्न मुलांवर झालेल्या चाचणीत (१२७ मुले) चिडचिड व अतिचंचलता कमी झाल्याचे, तर २०१८ मध्ये जर्मनीतील पाच केंद्रांत मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ७० रुग्णांवर झालेल्या चाचणीत तोल सुधारल्याचे दिसून आले.

या निष्कर्षांतील भिन्नता समजण्याजोगी आहे. तात्कालिक परिणाम व टिकाऊ परिणाम हे वेगळे असतात. तसेच घोड्यावर बसण्याची क्षमता वाढली म्हणजे जमिनीवर चालण्याची क्षमता वाढलीच, असे होत नाही. शिवाय आपण घोड्यावर बसलो आहोत हे रुग्णापासून लपविता येत नसल्यामुळे औषधांच्या चाचण्यांप्रमाणे आंधळी तुलना शक्य नसते. व्यंग मुळातून नाहीसे करण्याचा दावा या उपचाराबाबत करता येत नाही. तोल, धडाचे नियंत्रण व मनाची उभारी यांसाठी तो इतर उपचारांना पूरक म्हणून वापरावा, असे म्हणता येते. खर्च पाहता हा प्रश्न केवळ पंडिती नाही. घोडा, जागा व तीन-चार माणसे एका रुग्णासाठी गुंतवावयाची, तर मिळणारा लाभ तेवढ्या मोलाचा आहे काय, हे कुटुंबांना व शासनांना ठरवावे लागते.

क्रीडाक्षेत्रातील विकास : हार्टेलने उघडलेली दुसरी वाट स्पर्धात्मक अश्वारोहणाकडे गेली. १९८४ मध्ये न्यूयॉर्क येथील अपंगांच्या ऑलिंपिक सामन्यांत अश्वारोहणाचा समावेश झाला आणि १९९६ च्या अटलांटा पॅरालिंपिकपासून ड्रेसाज हा त्यांतील कायमचा प्रकार ठरला. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने २००६ मध्ये अपंगांचे अश्वारोहण आपल्या कक्षेत घेतले. त्यामुळे अपंग व सुदृढ स्वार एकाच संघटनेच्या नियमांखाली आले. व्यंगाच्या स्वरूपानुसार स्वारांची पाच वर्गांत विभागणी करतात. सर्वाधिक व्यंग असलेल्या पहिल्या वर्गाची स्पर्धा केवळ सावकाश चालीत होते, तर वरच्या वर्गांत दुडकी व त्याहून वेगवान चालींचा समावेश असतो. जन्मतः सांधे आखडलेला ब्रिटिश स्वार ली पिअर्सन याने २०२१ मध्ये भरलेल्या टोकिओ सामन्यांपर्यंत १४ सुवर्णपदके मिळविली. या स्वारांना रुग्ण म्हणणे त्यांना स्वतःलाही मान्य होणार नाही.

लसीकरणामुळे पोलिओचे उच्चाटन जसजसे होत गेले, तसतसे अश्वारोहण केंद्रांत येणाऱ्यांचे स्वरूप बदलले. साल्कची लस १९५५ मध्ये उपयुक्त ठरल्यानंतर दशकभरातच पाश्चात्त्य देशांतील केंद्रांत मस्तिष्कजन्य पक्षाघात, जन्मजात कण्याची व्यंगे व मतिमंदत्व असलेली मुले बहुसंख्य झाली. अलीकडे त्यांत स्वमग्न मुलांची व युद्धातून परतलेल्या मनोरुग्ण सैनिकांची भर पडली आहे. पोलिओने जन्मास घातलेली ही पद्धत पोलिओच्या पश्चात टिकून राहिली.

भारतातील स्थिती : भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला आणि २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याने मान्य केलेल्या २१ अपंगत्वांत मस्तिष्कजन्य पक्षाघात व स्वमग्नता यांना स्वतंत्र स्थान मिळाले. महानगरांच्या परिसरात अश्वारोहण चिकित्सेचे काही उपक्रम एकविसाव्या शतकात सुरू झाले आहेत. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथील शर्यतींची जुनी परंपरा आणि मोटारींना बंदी असलेल्या माथेरानसारख्या गिरिस्थानावरील घोडेवाल्यांचा व्यवसाय यांमुळे घोडा व घोड्याचा जाणकार माणूस हे दोन्ही उपलब्ध आहेत. मात्र शर्यतीसाठी जोपासलेला चपळ व बुजरा घोडा या कामास सहसा योग्य नसतो, आणि पर्यटकांना फिरविणाऱ्या तट्टालाही खास शिक्षण द्यावे लागते. त्याहून मोठी उणीव आहे ती भौतिकी चिकित्सा व अश्वविद्या या दोहोंत तयार झालेल्या प्रशिक्षितांची. शालिहोत्राच्या देशात घोड्याविषयीचे ज्ञान प्राचीन असले, तरी अपंग माणसाला त्याच्या पाठीवर सुरक्षितपणे बसविण्याचे ज्ञान अद्याप थोड्या हातांतच आहे.